कुंभाराने घडवलेले नाक

कसबा पेठेतल्या लाल महालाची गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, शाहिस्तेखानाचा मुक्काम, अंधारातली झटापट आणि खानाची तुटलेली बोटे. पण त्यानंतर १३० वर्षांनी, १७९३ साली, पुण्याच्याच परिसरात एका माणसाचे कापलेले नाक पुन्हा उभे राहिले. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्या एका नाकाने पुढे जगभरच्या शस्त्रक्रियेला नवी वाट दाखवली.

ते नाक होते फौजेतल्या एका मराठी बैलवाल्याचे. घडवणारा होता एक कुंभार.

लाल महालावरून निघावे, कसबा गणपतीला हात जोडावेत आणि जुन्या पेठेच्या बोळांतून नदीच्या अंगाला चालू लागावे. तांबट आळीत तांब्यावरचे ठोके ऐकू येतात. पुढे कुंभारवाडा. संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात माठ, दिवाळीला पणत्यांचे ढीग. जुन्या पुण्याच्या वेशींपैकी एकीचे नाव आजही कुंभार वेस असेच आहे. या बोळांतून फिरताना मला दरवेळी त्या १७९३ च्या कुंभाराची आठवण होते. तो नेमका कोणत्या वस्तीतला, हे लिहिणाऱ्यांनी टिपले नाही. त्यांनी एवढेच लिहिले, की तो पुण्याजवळचा होता आणि विटा करणाऱ्या जातीचा होता. आपल्याकडे विटा आणि मडकी एकाच घरात भाजली जात.

बैलांवर चाललेले युद्ध

१७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र लढले. पेशव्यांच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मोहिमेवर होते. या युद्धाची वर्णने वाचताना तोफा आणि तलवारी डोळ्यांसमोर येतात, पण ते युद्ध खरे चालले होते बैलांच्या पायांवर. किल्ल्याची भिंत फोडणारी एक जड तोफ ओढायला डझनावारी बैल लागत. दारूगोळा, तांदूळ, तंबू, सगळे बैलांच्या पाठीवर. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला होता. पण बैल मरत गेले, धान्य संपले, आणि स्वतःच्याच जड तोफा निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. परतीच्या वाटेवर त्याच्या उपाशी फौजेला मराठ्यांची छावणी भेटली, तेव्हा कुठे पोटात अन्न गेले.

म्हणून शत्रूचा डोळा बैलवाल्यांवर असे. हातात शस्त्र नसलेला हा माणूस पकडला की अख्ख्या फौजेची चूल विझत असे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा असाच एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहून ठेवले आहे. त्याचे नाक कापले आणि एक हात तोडला. मग त्याला जिवंत ठेवले, कारण असा माणूस जिथे जाईल तिथे न बोलताही बाकीच्यांना धाक घालतो.

आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. नाक वर करून चालणे, नाक घासणे, नाक कापले जाणे, हे सगळे बोलताना आपण चेहऱ्याबद्दल बोलतच नसतो. कावसजीच्या बाबतीत मात्र शब्द आणि शरीर एक झाले होते. बारा महिन्यांहून जास्त काळ तो नाकाविना जगला. पाण्यावर जायचे, बाजारात जायचे, घरच्या पोरांसमोर बसायचे, ते तसेच.

मेण, कात, तूप

मग तो पुण्याजवळच्या कुंभाराकडे गेला. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. क्रूसो हा पुण्याच्या रेसिडेन्सीचा शल्यवैद्य. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटची ही रेसिडेन्सी संगमावर होती, म्हणजे कुंभार वेशीवरून वाहणारी मुठा थोडे पुढे जाऊन मुळेला मिळते तिथे. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, कावसजीचे चित्र काढले गेले. चित्रकार होता जेम्स वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. याच मंडळींबरोबर गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा एक कुशल चित्रकार काम करत असे. तांबटांच्या घरातला माणूस कागदावर वेरूळची लेणी उतरवत होता आणि कुंभारांच्या घरातला माणूस चेहरे घडवत होता. पुण्यातली ती वर्षे कारागिरांच्या बोटांनी झळाळलेली आहेत.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात कावसजीच्या चित्रासह एक पत्र छापून आले. त्यात कृती पायरी-पायरीने दिली आहे. ती सावकाश वाचण्यासारखी आहे, कारण प्रत्येक पायरीमागे एक कोडे आहे आणि प्रत्येक कोडे त्या कुंभाराने सोडवलेले आहे.

पहिले कोडे आकाराचे. नाक उभे, उंच, दोन्हीकडून वळलेले. ते बनवायचे कशापासून, तर सपाट कातडीपासून. मग कातडी कापायची किती आणि कोणत्या आकाराची? कमी पडली तर नाक आखडेल, जास्त झाली तर लोंबेल, आणि एकदा कापलेली कातडी काही परत वाढत नाही. कुंभाराने मेणाची पातळ चकती घेतली, तुटक्या नाकावर बसवली आणि तिचेच छानसे नाक घडवले. मनाजोगे जमल्यावर ते मेण उचलून सपाट केले आणि कपाळावर ठेवले. त्याच्या कडेने रेघ मारली. झाले माप. उभ्या वस्तूचा सपाट नकाशा त्याने एका चिमटीत काढला. रोज मातीच्या लगद्यातून भांडे उठवणाऱ्या हातालाच हे सुचावे.

दुसरे कोडे जिवंतपणाचे. शरीरापासून तोडलेली जाड कातडी दुसरीकडे नुसती चिकटवली तर काळी पडून मरते, कारण तिला रक्त मिळत नाही. म्हणून कुंभाराने रेघेवरून कातडी सोडवली, पण पूर्ण नाही. दोन्ही भुवयांच्या मधे एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. आता आपल्याला ठाऊक आहे की भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक बारीक रोहिणी कपाळावर चढते. ती पट्टी म्हणजे त्या रोहिणीची वाट. बाळ जन्मले तरी नाळ लगेच कापत नाहीत, तसे नवे नाक जुन्या कपाळाच्या नाळेवर जगत राहिले.

तिसरे कोडे तुम्ही घरी सोडवून पाहू शकता. एका बाजूने रंगीत असलेला कागद रंगीत बाजू वर करून घ्या. त्याचा नाकासारखा तुकडा कापा, पण खालची बाजू कागदाला जोडलेली ठेवा आणि तो तुकडा सरळ खाली दुमडा. रंगीत बाजू आत गेली, पांढरी बाहेर आली. कपाळाची कातडी अशी दुमडली तर कातडी आत आणि मांस बाहेर! म्हणून ती जोडपट्टी अर्धा पीळ देऊन फिरवावी लागते. पट्टी रुंद ठेवली तर पीळ बसत नाही, फार अरुंद केली तर रक्त तुटते. या दोन्हींच्या मधली नेमकी जागा त्याच्या हाताला माहीत होती.

मग तुटक्या नाकाची जुनी वणाची कड सोलून ताजी केली, कारण जुना वण जुन्या वणाला जुळत नाही. ताज्या जखमेलाच ताजी जखम धरते. त्या कडेमागे एक खाच घेतली आणि खाली फिरवलेल्या कातडीची कड त्या खाचेत बसवली. मासिकातल्या कृतीत टाक्याचा उल्लेखच नाही. जोड धरून ठेवायला वापरला तो पानात घालतो तो कात. पाण्यात भिजवून मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. खैराच्या गाभ्यातून निघणाऱ्या कातात टॅनिन असते. ते ओल्या जखमेला आवळते आणि वाळले की कडक बसते. गंमत अशी, की युरोपात या काताला ‘टेरा जॅपोनिका’, म्हणजे जपानची माती, म्हणत. कात ही माती आहे असाच तिकडे समज होता. कुंभाराने नाक जोडले ते मातीने, असे लंडनच्या एखाद्या वाचकाला खरोखर वाटले असेल.

चार दिवस दुसरे काही लावायचे नाही. मग त्या पट्ट्या काढून तुपात बुडवलेली कापडे. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, म्हणजे श्वासाची वाट उघडी राहील. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती भुवयांमधली नाळ कापायची.

पंचविसावाच दिवस का? कारण तोवर नव्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या वर येऊन नव्या नाकात शिरलेल्या असतात. आता त्याला कपाळाचा आधार लागत नाही. आजचे प्लॅस्टिक सर्जन कपाळाची कातडी वापरून नाक करतात तेव्हा ही जोड साधारण तीन आठवड्यांनी तोडतात. कुंभाराकडे घड्याळ नव्हते, सूक्ष्मदर्शक नव्हता. बेशुद्धीचे औषधही नव्हते. ईथरची पहिली जाहीर शस्त्रक्रिया व्हायला अजून ५३ वर्षे होती. कावसजीने हे सगळे जागेपणी सोसले.

या नाकाची आणखी एक अजब गोष्ट अशा शस्त्रक्रियांनंतर दिसून आली आहे. नाळ कापेपर्यंत, कधी त्यानंतरही काही काळ, नव्या नाकाला स्पर्श केला तर रोग्याला तो कपाळावर जाणवतो. नाकावर माशी बसावी आणि माणसाने कपाळ पुसावे! कातडी खाली आली, पण तिच्या नसा अजून जुन्याच पत्त्यावर निरोप धाडत राहतात.

लंडनपर्यंत, आणि परत

ही कला त्या कुंभाराने एकट्याने शोधली नव्हती. ही शस्त्रक्रिया या देशात फार पूर्वीपासून चालत आलेली आहे, असे ते मासिकही सांगते. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी नाकावर आणण्याची कृती आहे, आणि श्वासासाठी एरंडाच्या नळ्या आहेत. पान जाऊन मेण आले, गाल जाऊन कपाळ आले, नळ्या जाऊन कापडाच्या वाती आल्या. मधल्या शतकांत पोथी एका घरात राहिली आणि शस्त्र दुसऱ्या घरात गेले. काँगड्यात नाक जोडणारी घराणी होती, पुण्याजवळ कुंभार होते. बापाने केलेले लेकाने पाहायचे, लेकाने केलेले नातवाने. अशा विद्येला ग्रंथ लागत नाही, पण एक पिढी तुटली की ती बुडते.

ही बुडाली नाही याचे श्रेय त्या छापील पानालाही आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याला या शस्त्रक्रियेने झपाटले. त्याने प्रेतांवर सराव केला आणि योग्य रोग्याची वाट पाहत राहिला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, मासिकातल्या पत्रानंतर २० वर्षांनी, त्याने एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक कपाळाच्या कातडीतून घडवले. पाऱ्याच्या औषधाने त्या अधिकाऱ्याचे नाक झडले होते. त्याचा दुसरा रोगीही सैनिकच होता. १८११ च्या अल्बुएराच्या लढाईत तलवारीच्या वाराने त्याचे नाक गेले होते. १८१६ मध्ये कार्प्यूचे पुस्तक निघाले, १८१८ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफेचे. या पद्धतीला शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत ‘भारतीय पद्धत’ हेच नाव पडले.

पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उद्ध्वस्त झाले. इंग्लंडमध्ये सिडकप इथे १९१७ साली त्यांच्यासाठी खास रुग्णालय उघडले आणि हॅरॉल्ड गिलीज व त्याच्या साथीदारांनी हजारो सैनिकांना पुन्हा चेहरे दिले. गिलीजने कातडीची जोडपट्टी गुंडाळून तिची नळी केली, म्हणजे ती उघडी पडून सडणार नाही. पट्टी लांब झाली, छातीवरून हनुवटीपर्यंत पोचली. पण मूळ नियम तोच राहिला: नव्या जागी जीव धरेपर्यंत जुन्या जागेशी नाते तोडू नका.

आजही कर्करोगात नाक गमावलेल्या माणसाला सर्जन कपाळाच्या कातडीचे नाक देतात. मापासाठी आधी साचा करतात, भुवईजवळची रोहिणी सांभाळतात, पट्टीला पीळ देतात आणि काही आठवडे थांबतात.

या सगळ्या साखळीतली नावे पाहा. रोग्याचे नाव राहिले. डॉक्टरांची राहिली, चित्रकाराचे राहिले. ज्याच्या बोटांनी ते नाक उभे केले, त्याची फक्त जात लिहिली गेली. हे मला फार लागते. मडक्यावर कुंभार नाव घालत नाही, पण हे मडके नव्हते.

जखम पाहून

कावसजीबद्दल त्या पत्रात आणखी दोन शब्द आहेत, आणि ते नाकाइतकेच मोलाचे आहेत: तो ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर होता. बैल हाकणारा, ना शिपाई ना सरदार, पण युद्धात अंग गमावले म्हणून त्याला निर्वाह मिळत होता.

हा विचार या मातीला नवा नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची हकिकत आहे. जे कामी आले त्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी पुढे चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. आजच्या भाषेत हीच कुटुंब-पेन्शन आणि हीच अपंगत्व-पेन्शन. पुढे मराठी दप्तरांत पडलेल्या शिपायाच्या लेकरांसाठीच्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ असा शब्दच आहे. ज्यांनी हा पायंडा पाडला, त्यांचे बालपण कसब्यात, लाल महालात गेले.

‘जखम पाहून’ हे मला त्यातले सगळ्यात सुंदर वाटते. जखमी माणूस ही यादीतली एक असामी नसते. प्रत्येकाचे काय गेले हे जवळ जाऊन, हात लावून पाहावे लागते. ते कारकुनालाही लागते, कुंभारालाही.

कावसजीचे नाक परत आले, हात मात्र परत आला नाही. कपाळाच्या कातडीतून नाक होते, हात होत नाही. वेल्सच्या त्या चित्रात तो डोके आणि खांद्यांपुरता दिसतो. नजर शांत आहे, नाक सरळ आहे, आणि हात चौकटीबाहेर आहे.

त्या हाताचे उत्तर पुण्यात दीडशे वर्षांनी आले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, मुंबईत अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था सुरू झाली आणि पुढे ती खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्याच्या लष्करी भागात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. तेव्हापासून सीमेवर पाय, हात गमावलेले जवान तिथे येतात.

तिथली कृती कुंभाराला ओळखीची वाटली असती. तुटक्या पायाच्या टोकावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. त्या वाळल्या की आतून पोकळ साचा मिळतो. साच्यात प्लॅस्टर ओतले की पायाच्या टोकाची हुबेहूब प्रत तयार होते. मग खरी करामत सुरू होते. जिथे हाड कातडीलगत आहे तिथे प्रतीवर थोडे प्लॅस्टर चढवायचे, म्हणजे खोबणीत तिथे पोकळी राहील. गुडघ्याखाली जिथे भार पेलतो तिथे थोडे खरवडायचे, म्हणजे तिथे घट्ट बसेल. काही मिलिमीटर चुकले तर जवान दोन पावलांत थांबतो. आज संगणक माप घेतो, कार्बन फायबरची पावले येतात, तरीही शेवटी बोट फिरवून पाहावे लागतेच.

पांढऱ्या प्लॅस्टरने कोपरापर्यंत माखलेले ते हात आणि लाल मातीने माखलेले कुंभारवाड्यातले हात यांत मला फरक करता येत नाही. नवा पाय चढवून जवान पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा कारागीर त्याच्यापुढे उकिडवा बसतो आणि एकच प्रश्न विचारतो. पंचविसाव्या दिवशी, नाळ कापून झाल्यावर, त्या कुंभारानेही कावसजीला तोच विचारला असेल:

“कुठे टोचत तर नाही ना?”